उत्तरासाठी सोडलेली जागा

जुन्या कॅसेट संगणकात उतरवून देणाऱ्या दुकानात शिंपीणबाई आपला नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या. पुढे दोन पांढऱ्या केसांच्या बहिणी उभ्या होत्या.

"ताई, बाबांचा आवाज किती तरुण गं!"

"बोटीवर होते तेव्हा चाळिशीही उलटली नव्हती त्यांची. पत्राऐवजी कॅसेट पाठवायचे."

"मावशी, मधेमधे नुसतीच शांतता आहे," दुकानदार म्हणाला. "कापून टाकू?"

"अहो, नको! प्रश्न विचारून थांबायचे ते. आमच्या उत्तरासाठी."

"आणि तुम्ही उत्तर द्यायचात?"

"ही धाकटी तर कॅसेटशी भांडायची!"

"मग? दात पडला का विचारायचे, आणि मी दाखवला तर बघायचे नाहीत."

"बरं, राहू देतो. पुढचं ऐका."

लाटांसारखी खरखर झाली. मग बाबा बोलले, "पोरींनो, आईला त्रास देत नाही ना?"

आवाज थांबला. शिंपीणबाईंनी मांडीवरची पिशवी वाजू नये म्हणून घट्ट धरली.

"नाही, बाबा," ताई हळूच म्हणाली.

"थोडासा देते," धाकटी म्हणाली.

"वाटलंच मला," बाबा हसत म्हणाले.