नव्या सेटवरचा पहिला फोन

माझ्या गाडीचा नंबर लागायला वेळ होता, म्हणून मी दुकानाच्या दारातल्या बाकावर बसलो होतो. समोरच्या जुन्या गाडीत कारागीर नवा म्युझिक सेट बसवत होता. पुढच्या सीटवर गाडीवाले गृहस्थ, मागे त्यांची बायको.

"साहेब, सेट बसला. आता तुमचा मोबाइल जोडू या."

"मोबाइल राहू द्या हो. रेडिओ लागला की झालं."

"अहो, मग एवढा नवा घेतला कशाला? दादा, तुम्ही जोडा."

"अगं, घाई काय आहे?"

"घाई तुम्हालाच आहे. आल्यापासून दहा वेळा फोन बघितलात."

"ऑफिसचं काम आहे."

"ऑफिसला तर आज रजा टाकलीत!"

"झालं बघा, जोडला. आता फोन आला की आवाज स्पीकरवर."

"म्हणजे हिलापण ऐकू येणार?"

"गाडीतल्या सगळ्यांना. हा बघा, आलाच. हिरवं बटण दाबायचं, असं."

"अहो, थांबा! दाबू नका!"

"हॅलो, दवाखान्यातून बोलतेय. तुमच्या गाठीचा रिपोर्ट आलाय. डॉक्टरांनी उद्या बोलावलंय. येताना घरचं कुणीतरी सोबत आणा."

"साहेब, मला खरंच कल्पना नव्हती."

"कसली गाठ, अहो?"

"सांगणारच होतो गं. रिपोर्ट चांगला आला की सांगणार होतो."

"हॅलो? आवाज येतोय ना?"

"येतोय. मी त्यांची बायको बोलतेय. उद्या किती वाजता येऊ आम्ही?"