आवाज न चढवणारा नवरा

...नाही, पण सुरक्षित वाटत नाही म्हणजे काय, मला सांगा ना. माझ्याजवळ? मी सव्वीस वर्षं शाळेची बस चालवतोय, कॅनडात, मॅनिटोबातल्या असल्या थंडीत, रस्त्यावर बर्फाची नुसती काच झालेली, मागे एकेचाळीस पोरं एकमेकांच्या टोप्या फेकतायत, आणि आजवर एकालाही खरचटलं नाही. आणि त्या माणसाला त्याची स्वतःची बायको नाश्त्याच्या बशा उचलता उचलता सांगते, "ऑरेस्ट, तुझ्याशी काही अवघड बोलायचं म्हटलं ना, की मला सुरक्षित वाटत नाही."

मी कधी आवाज चढवला का? तुम्हाला सांगतो, बत्तीस वर्षांच्या संसारात एकदाही नाही. लेस्याला, माझ्या बायकोलाच विचारा. तीही हेच सांगेल, फक्त सांगताना तिचा चेहरा वेगळा असेल.

आता माझ्यासारख्या सरळ माणसाने याचा अर्थ काय लावावा? सुरक्षित वाटत नाही... मी त्याच शनिवारी दुकानात गेलो, मागच्या दाराला दुसरी कडी बसवली, अंगणात माणूस हलला की आपोआप लागणारा दिवा लावला, धुराच्या घंटेत नवा सेल घातला, आणि लेस्याला हाताला धरून मागच्या दारी नेलं. म्हटलं, "हं, आता?" तिने कडीकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं आणि रडायला लागली. मला वाटलं, आनंदाने. मी म्हटलं, पुढच्या दारालाही बसवतो.

मग आम्ही मिसेस पेनरकडे जायला लागलो. मिसेस पेनर म्हणजे नवराबायकोंना बोलायला शिकवणाऱ्या बाई, दवाखान्याच्या तळघरात बसतात. तिथे तीन खुर्च्या आणि प्रत्येक खुर्चीशेजारी कागदी रुमालांचा एक डबा... माझा डबा मी पायाने खुर्चीखाली सरकवला. बाईंचा आवाज असा मऊ, की आपली काहीतरी मोठी चूक झालीय हे ऐकता ऐकताच झोप यावी. त्या म्हणाल्या, "लेस्या, तुम्ही अवघड विषय काढलात की ऑरेस्ट काय करतात?"

लेस्या म्हणाली, "तीनपैकी एक काहीतरी करतो. नाहीतर विनोद करतो. नाहीतर 'बरं बाई, मीच वाईट' म्हणतो, मग मलाच त्याची समजूत घालावी लागते. आणि नाहीतर गॅरेजमध्ये जातो."

मी म्हटलं, "गॅरेजमध्ये काम असतं."

"चार दिवस?" लेस्या म्हणाली.

मी म्हटलं, "पण बाई, मी कधी आवाज चढवला का?"

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. हे मला आवडत नाही. बस चालवताना मी कुणाबद्दल काही लिहितो का?

तर त्यांनी नियम घालून दिला. बायको बोलेल ते ऐकायचं. स्वतःची बाजू मांडायची नाही. ती काय म्हणाली ते आपल्या शब्दांत तिला परत सांगायचं. आणि मग विचारायचं, "आणखी काही?" अगदीच सहन होईना, तर म्हणायचं, "मला दहा मिनिटं दे," उठून जायचं, पण दहा मिनिटांनी परत यायचं. बाईंनी "परत यायचं" हे दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा माझ्याकडेच पाहून सांगितलं. आणि सुरुवात म्हणे छोट्या गोष्टीपासून करा.

छोटी गोष्ट म्हणून लेस्याने टॉवेल काढला. मी नियमाप्रमाणे म्हटलं, "तू म्हणतेस की मी ओला टॉवेल पलंगावर टाकतो. आणखी काही?" होतं. टॉवेलच्या खाली मोजे होते, मोज्यांच्या खाली माझी बहीण होती, बहिणीच्या खाली आमचं लग्न होतं, त्यात बँडवाल्याला गाणं सांगायचं मी विसरलो होतो ते होतं... मी फक्त "आणखी काही, आणखी काही" करतोय आणि बटाट्याचं सूप गार होतंय. मी म्हटलं, हा प्रश्न नाही, हा नळ आहे.

पण शिकायचं तर सराव हवा. म्हणून मी बसमध्ये सराव केला. दुसरीतली एक मुलगी, ब्रिन, रडत चढली, मैत्रीण तिच्याशेजारी बसत नव्हती. मी बस उभी करून म्हटलं, "तू म्हणतेस की तिने तुला एकटं पाडलं. आणखी काही?" आणि हे मागच्या चाळीस जणांनी ऐकलं. तुम्हाला सांगतो, रांग लागली. एकाच्या मांजराने घर सोडलं होतं, एकीला नवे वडील आवडत नव्हते, एक जण नुसताच म्हणाला, "माझं काही नाही, पण मलाही विचारा." शाळेत पोचायला पंचवीस मिनिटं उशीर. कचेरीतल्या बाई म्हणाल्या, "बस बिघडली होती का?" मी म्हटलं, "नाही, आम्ही बोलत होतो."

माझा दोस्त कॉर्नी, तोही बसच चालवतो. तो म्हणाला, "वेडा आहेस. बायकोला 'आणखी काही' विचारतोस? कुणी वाघाला पिंजऱ्याची किल्ली देतं का?" कॉर्नीचे दोन घटस्फोट झालेत. तरी तेव्हा मला त्याचं पटलं होतं, खोटं कशाला बोलू.

आणि मग आला तो रविवार. दुपारची वेळ, बाहेर शून्याखाली एकतीस, आम्ही दोघं स्वयंपाकघरात पेरोगी, म्हणजे पाण्यात उकळायच्या करंज्या, करत बसलेलो. मी पारी लाटतोय, ती बटाट्याचं सारण भरून कडा चिमटतेय, अगदी छान चाललेलं. आणि मी, आपलं सुचलं म्हणून, तळ्यावरच्या केबिनबद्दल बोलायला लागलो. अकरा वर्षं मी तळ्याकाठी लाकडाची केबिन बांधतोय, माझ्या हातांनी, फळी फळी करून. निवृत्त झालो की घर विकायचं आणि दोघांनी बारा महिने तिथेच राहायचं, ठरलेलं. मी म्हटलं, "वसंतात चूल बसवू."

लेस्याचे हात थांबले. ती पिठाकडे बघत म्हणाली, "ऑरेस्ट, मला तिथे राहायचं नाही."

आता मी तुम्हाला खरं सांगतो काय झालं. आधी जिभेवर विनोद आला. मग "बरं बाई, मीच वाईट" आलं. आणि पाय तर केव्हाच गॅरेजच्या दिशेला वळलेले. अकरा वर्षं हो... मी कसंबसं म्हटलं, "मला दहा मिनिटं दे," आणि गेलो.

गॅरेजमध्ये जाऊन उभा राहिलो आणि लक्षात आलं की कोट आतच राहिलाय. शून्याखाली एकतीस, अंगात बनियन आणि पिठाने माखलेला एप्रन. समोर करवत, रंधा, केबिनसाठी आणलेल्या फळ्या. मी त्या फळ्यांवर हात फिरवला. एरवी मी इथे चार दिवस राहिलो असतो, आत जेवायला जाऊन मुकाट्याने खाल्लं असतं, आणि पाचव्या दिवशी काहीच झालं नाही असं वागलो असतो. मी कधी आवाज चढवला का? नाही. आणि तिथे त्या थंडीत, कान बधिर होत असताना, मला पहिल्यांदा लक्षात आलं की मी आवाज चढवला नाही, कारण मी आवाजच काढला नाही.

नवव्या मिनिटाला आत गेलो. कानांसाठी गेलो म्हणा, हवं तर.

लेस्या टेबलाशी तशीच बसलेली, नजर दारावर. मला बघून अगदी हळू म्हणाली, "आलास?" बत्तीस वर्षांत या बाईने मला पुष्कळ काही म्हटलंय, पण या एका शब्दाने माझी जी अवस्था केली... असो. मी बसलो. म्हटलं, "तू म्हणतेस की तुला केबिनमध्ये राहायचं नाही. आणखी काही?"

मग तिने सांगितलं. ती नऊ वर्षांची असताना तिच्या काकांचा ट्रक गोठलेल्या तळ्यावरून जाताना बर्फ फुटून खाली गेला. काका वाचले, पण तो बर्फ तडकल्याचा आवाज तिच्या कानात अजून आहे. तळ्याकाठी तिला झोप लागत नाही. कधीच लागली नाही. आणि अकरा वर्षं ही बाई माझ्याबरोबर तिथे येऊन फळ्यांना रंग देत होती.

माझ्या ओठांवर "मग आधी का नाही बोललीस" आलेलं, पण नियम. "आणखी काही?"

"बोलले होते," ती म्हणाली. "सहा वर्षांपूर्वी सुरुवात केली होती. तू गॅरेजमध्ये गेलास, चार दिवस बोलला नाहीस, आणि पाचव्या दिवशी होडी घेऊन आलास."

हे खरं आहे. मी होडी आणली होती. त्या होडीवर मी तिचं नाव घातलंय. पाण्याला भिणाऱ्या बाईचं नाव मी होडीवर रंगवलं, दोन्ही बाजूंनी, आणि तिच्याकडून शाबासकीची वाट बघत उभा राहिलो.

मग ती म्हणाली, "आता तू सांग. तू का पळतोस?"

मी म्हटलं, "बर्फावर बस घसरायला लागली ना, की ब्रेक दाबायचा नसतो. काहीही करायचं नसतं. तू 'बोलायचंय' म्हणालीस की मला तसं होतं. वाटतं, मी जरा काही केलं तर हे सगळंच खड्ड्यात जाईल, आणि तू निघून जाशील."

तिने नियमाप्रमाणे म्हटलं, "तू म्हणतोस की तुला वाटतं, मी निघून जाईन." मग नियम सोडून म्हणाली, "अरे बाबा, कुठे जाणार मी? थंडीत माझी गाडी तूच तर सुरू करून देतोस."

मग आम्ही हसलो, मग ती रडली, मग मला पीठ डोळ्यांत गेल्यासारखं झालं. पेरोगी त्या दिवशी सगळ्या फुटल्या. तशाच खाल्ल्या.

केबिन कॉर्नीने घेतली, होडीसकट. नाव खरवडायला तयार नाही, म्हणतो रंग चांगला आहे. जुलैत दोन शनिवार आम्ही त्याच्याकडे जेवायला जातो, लेस्या तळ्याकडे पाठ करून बसते आणि संध्याकाळी आम्ही आमच्या घरी येऊन झोपतो. मला वाईट वाटतं का? वाटतं. तेही मी तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, वर विचारलं, "आणखी काही?" मी म्हटलं, नाही, एवढंच. माझं लवकर संपतं.

तर असं सगळं छान झालं. आणि गेल्या रविवारी सकाळी लेस्या कॉफी घेऊन समोर बसली, इतकी प्रसन्न, की मी तिला लग्नानंतर अशी पाहिलीच नव्हती. म्हणाली, "ऑरेस्ट, आता मला तुझ्याशी काहीही बोलताना सुरक्षित वाटतं." तुम्हाला सांगतो, ऊर भरून आला माझा.

आणि मग तिने खिशातून एक यादी काढली.

पाच पानं आहेत. अजून आम्ही पहिल्या पानावर, माझ्या मिशीपाशीच आहोत.