मुद्देमाल परत मिळाला

नाही नाही, चष्मा आहे माझ्याकडे, वाचता येतं मला. ‘मुद्देमाल परत मिळाला’ — हो, हाच फोन, कोपऱ्याला तडा गेलेला. माझ्या धाकटीचा. परवा निकाल लागला, जावई सुटला, आता पुरावा कुणाला हवाय? म्हणून आईला परत. तुमचा काय दोष, भाऊ, तुम्ही खिडकीत बसता.

तिनं त्यात त्याचा आवाज भरून ठेवला होता, माहितीय? ‘तुला जिवंत सोडत नाही’ — स्वच्छ ऐकू येतं. फोन शेजारणीकडे दिला, म्हणाली, मला काही झालं तर आईला द्या. आणि झालंच. मग मी पोलिसांकडे का नाही गेले? सगळे हेच विचारतात. अहो, शेजारणीनं फोन आणून दिला आणि दुसऱ्याच दिवशी मंत्री दारात आले — एवढा मोठा माणूस, चपला काढून जमिनीवर बसला, रडला माझ्यासमोर. म्हणाला, ‘ताई, पोलिसांकडे दिलात तर गायब होईल, माझ्याकडे द्या.’ दिला. कुणीही दिला असता — नसता दिला?

तेरा दिवस त्यांच्याकडे होता. सभेत वाजवला त्यांनी, कर्ण्यावर! माझ्या लेकीचं रडणं मी पहिल्यांदा ऐकलं ते टीव्हीवर, हजार माणसांबरोबर. मग दिला पोलिसांना. आणि कोर्टात जावयाचा वकील म्हणाला, फोनमधून काहीतरी पुसलंय — काय पुसलं, कुणी पुसलं? ज्यातलं पुसता येतं त्यात घालताही येतं, मग आवाज तरी खरा कशावरून? न्यायाधीशबाईंनी मंत्र्यांना विचारलं. ‘मला कल्पना नाही.’ बस, एवढंच. मंत्र्याला असा पुरावा घरी ठेवता येतो का हो? आमचे वकील म्हणतात, त्याचा वेगळा खटला होऊ शकतो. कधी, ते विचारू नका म्हणतात.

मलाही विचारलं. मीही म्हटलं, कल्पना नाही.

होती. — काही नाही, असंच.

मंत्र्यांबरोबर एक चष्मेवाला सेक्रेटरी आला होता, चांगला होता बिचारा. फोन देताना मीच त्याला बाजूला घेऊन म्हटलं, एक मेसेज तेवढा काढून टाक रे. एकच. तिनं लिहिलं होतं, ‘आई, मी घरी येऊ का?’ आणि मी — घर रंगवायला काढलं होतं हो, सगळं सामान मधल्या खोलीत, बसायला जागा नव्हती — मी लिहिलं, ‘आठ दिवस थांब, रंग होऊ दे.’ चौथ्या दिवशी ती गेली. लोकांनी ते वाचलं असतं ना, भाऊ! तिच्या बापानं वाचलं असतं. तो माणूस अजून मला म्हणतो, तू तिच्यासाठी सगळं केलंस.

पेन का थांबलं तुमचं? लिहा ना. आईनं पुसायला लावलं, लिहा. पावतीवर जागा नाही? मग त्या शेऱ्याच्या रकान्यात — एक ओळ मावेल की! चालत नाही म्हणता. मग हे सांगायचं कुठे? त्या न्यायाधीशबाई भेटतील का? वकिलाला सांगू? त्यानं फीसुद्धा घेतली नाही हो माझ्याकडून.

बरं. बरं, नका बघू असं माझ्याकडे. मागे माणसं खोळंबलीत, सरकते मी.