किल्लीवाल्याचं एक वाक्य

आवडलं का म्हणता? तसं वाईट नाहीये हो. काल पुस्तक इथं दुकानात विसरून गेलात, गिऱ्हाईक नव्हतं, बसलो वाचत — जेवायचं राहिलं, खोटं कशाला बोलू! शेवटपर्यंत वाटत होतं डॉक्टरनंच केलाय खून, आणि निघाला सख्खा भाऊ. बरोबर बनवलं मला. पण ताई, एक सांगा — खुनी आत शिरला कसा? डुप्लिकेट किल्लीनं. बनवली कुणी? तर एकशे बाराव्या पानावर एक वाक्य, 'त्याने बाजारातून किल्ली करून घेतली.' संपलं! इन्स्पेक्टर माळ्याला विचारतो, दूधवाल्याला विचारतो, मांजराला तेवढं विचारायचं ठेवलंय — किल्लीवाल्याला कुणी विचारत नाही. त्याला काय ठाऊक असणार, नाही का? ठाऊक असतं हो! जुनी किल्ली गुळगुळीत लागते, नवीचे दाते बोटाला टोचतात. माझा जावई नक्कल करायला घेऊन आला ती टोचत होती — आठवड्याचीसुद्धा नसेल, आणि माझ्या दुकानातली नव्हे. म्हणजे काय? म्हणजे पोरीनं वेगळी खोली घेतली, कुलूप घातलं आणि बापाला पत्ता लागू दिला नाही. का लागू द्यावा? दोनदा आली होती रडत, दोनदा मीच समजूत घालून परत पाठवली. हा म्हणाला, 'बाबा, ती किल्ल्या हरवते, एक जादा असू द्या' — तिच्या पर्समधून काढून आणली होती, सारखा घड्याळ बघत होता. मला कळलं नाही? सगळं कळलं. तरी मशीन चालू केलं. वाटलं, समोरासमोर बसतील, बोलतील, संसार सावरेल. वर कानस मारून दिली मी, अडकू नये म्हणून.

बोलतात कसले! ती कामावरून यायच्या आधीच हा आत जाऊन बसला होता. दोन ठिकाणी हात मोडला तिचा. पोलिसांनी शेजाऱ्यांना विचारलं, घरमालकाला विचारलं — इकडे कुणी फिरकलं नाही. जावयानंही तोंड उघडलं नाही. पोरीला मात्र कुणी सांगावं लागलं नाही, माझ्या हातची किल्ली ती लहानपणापासून ओळखते. परवा गेलो तिच्या दारात. आतून म्हणाली, 'कोण?' म्हटलं, मी, बाबा. तर वरची कडी लावल्याचा आवाज आला — मग खालची.

काय? मी आपण होऊन चौकीवर जाऊन सांगायचं?

पुस्तक उचला ताई. शटर ओढायचंय मला.