सोंगाची चूल

हॅलो?… कोन?… शेवंता व्हय? बोल गं. थांब, भायेर येते… ह्या गोठ्यात पत्र्याखाली आवाजच येत न्हाई.

हां, बोल आता. … व्हय, आली व्हती मान्सं पौडच्या कचेरीतनं. सकाळीच तपासून गेली. … झालं म्हनत्यात. म्हातारपनाचा पगार सुरू व्हईल, दवाखान्याचं कार्ड बी व्हईल. … आनंद? कसला आनंद बाई! मला ह्यात काळंबेरं दिसतंय.

काय? तुझ्या सुनीलनं बी इटा आनल्या? चुलीसाठी? … म्हंजे तुमच्या सूसला बी हेच व्हय! अगं, मंग ऐक ना… ऐक तर आधी. तू पाठची बहीन, म्हनून सांगते.

पगार मिळतो निराधार म्हातारीला. आन् मी तर लेकाच्यात खाते. म्हनून अमोलनं हितं गोठ्यात माझी येगळी चूल मांडली. … खोटी गं! दावायपुरती. घरात ग्यास, काजळी कुटली? सूनबाईनं टायर जाळून फासली. रोजची चूल वाटाया पायजे ना. … हसतीस काय? मी बी हसलेच की तवा.

मंग सायबानं इचारलं, "आजी, लेक सांभाळत न्हाई का?" … काय सांगनार? पढवलं व्हतं तेच. "न्हाई सायेब, मला कुनी न्हाई." … अमोल? हितंच हुबा, शेजाऱ्यावानी. वाटलं, मान तरी खाली घालंल. त्यो मोबाईल बघत व्हता गं.

… न्हाई, रडले न्हाई. सायबाला मातर वाटलं रडतीया. मोतीबिंदूनं पानी येतंच डोळ्याला. … व्हय, त्याच आपरेशनसाठी तर कार्ड.

काळंबेरं कुटं? सांगते ना. सायेब गेला. मी म्हनलं, अमोल, मोड आता ती चूल. तर म्हनतो, "ऱ्हाऊ दे आई, पुन्ना तपासनी आली तर?" … बराबर हाय, मला बी पटलं. पर सोंगाच्या चुलीला धुराडं कशाला? … लावलंय! नवं कोरं, पत्र्याचं. दुपारी बसवलं. सायेब गेल्यावर!

आन् माझी ट्रंक, माझं हातरून… फोटोपुरतं हितं आनलं व्हतं. माघारी कुनी नेईना. … परवा एक पोरगा घरातली माझी खोली बघून गेला. हिंजवडीला कामाला हाय म्हनं. … कशाला म्हंजे? भाड्यानं! आमच्या भुकुमात खोल्यांना लई मागनी हाय आता.

… घे, सुनेची बाजू घे तू. … संशयी? असंन बाई मी संशयी. … व्हय, व्हय… उनं-दुनं बोलत न्हाई ती, खरं हाय. चहा देती, औषध देती. पर मी म्हनते, द्यायचा तर समद्या म्हाताऱ्यांना सरसकट द्या की पगार! लेक असू दे, नसू दे. मंग माझ्याच पोराला तोंडानं न्हाई म्हनाया लागलं नसतं. लई लागलं गं ते. सकाळधरनं घास उतरला न्हाई.

… जेवन? न्हाई अजून. हाक यील आता.

थांब, सृष्टी आलीया… काय गं बाळा? झाकून काय आनलंस? आईनं दिलं?

शेवंते, बघ! नात ताट घिऊन आली. मीच येडी गं… उगा सुनेला नावं ठेवत बसले. … व्हय, तुझंच खरं. … थांब, फडकं काढते.

हाय… हाय फोनवरच. … तांदूळ हायेत. … भात न्हाई गं. तांदूळ. पसाभर. थोडी डाळ, दोन कांदं, मिठाची पुडी… आन् काडीपेटी.

सृष्टे, आई काय म्हनली गं? … आसं म्हनली?

… काय न्हाई शेवंते. "आजीला म्हनावं, धूर जातो भायेर. काळजी नको."

… न्हाई, तू नको येऊ. भांडून काय व्हनार? मीच सायबाला सांगितलं ना, मला कुनी न्हाई. … न्हाई म्हनलं ना, रडत न्हाई!

अगं ऐक… ऐक ना. सुनीलनं आनल्यात ना त्या इटा?

आजच माघारी धाड.

ठेवते. अंधार पडायच्या आत पेटवाया पायजे.