आधी पाणी, मग तेल

बसा, बसा. मागचे जरा पुढे सरका, खुर्च्या आहेत. हॉल भरलाय, बाहेरही माणसं उभी आहेत, आणि मला म्हणतात, दादा, तुम्ही दोन शब्द बोला. अहो, मी मोरिवलीचा माणूस, वर्कशॉपचा फोरमन. मला ओरडायची सवय. इथे मेधाताईंच्या फोटोसमोर हळू बोलायचंय. जमेल. सांभाळून घ्या.

ताई कॉलेजात केमिस्ट्री शिकवायच्या, हे तुम्हाला ठाऊक आहे. आमच्याकडे कशाला यायच्या, ते मी सांगतो. लेथवर लोखंड कापताना तापू नये म्हणून तेल-पाणी सोडतात. वापरून झालं की ते दुधासारखं पांढरं राहतं. ठेवा कितीही दिवस, तेल काही वर येत नाही. चहातलं दूध वेगळं करून दाखवा बघू! तसं ते. असलं पाणी वर्षानुवर्षं नाल्यात गेलं आणि नाला मेला. त्याच नाल्याकाठी माझ्या आईचा भाजीचा मळा होता. आता तिथे पालकाचं पान उगवत नाही. म्हणून ताई आल्या तेव्हा आमच्या शेठजींपेक्षा घाई मला होती.

ताईंनी स्टीलची बारीक जाळी आणली. तिच्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांचा लेप. नॅनो म्हणतात त्याला. पाणी आरपार जातं, तेल अलीकडे राहतं. पहिल्यांदा खालून नितळ पाणी आलं तेव्हा मी ओंजळ भरून घेतली, वास घेतला. ताई म्हणाल्या, "दादा, पिऊ नका हं!" आणि अशा हसल्या!

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी आम्ही सगळी मशिनं धुतो, पुसतो, हळद-कुंकू, झेंडूचा हार. आमचे शेठजी कॅम्प चारचे सिंधी, ते बघा तिथे बसलेत. पूजेला सगळ्यांच्या पुढे. त्यांनी स्वतःच्या हाताने जाळी पुसली, कोरडी ठणठणीत केली, आणि तेलात कालवलेल्या शेंदराने मधोमध स्वस्तिक काढलं! शेठजी, हसू नका, तुम्हीच काढलंत.

दसरा झाला, मशीन चालू केलं, तर थेंब खाली पडेना. जाळी बाद. मी असा भडकलो! आणि शेठजी म्हणतात, "अरे साईं, हमने तो इज्जत दी उसको!"

ताई आल्या. आम्हाला वाटलं, आता बसतात बोलणी. त्यांनी शेंदूर पाहिला आणि हात जोडले. म्हणाल्या, "शेठजी, घरी पाहुणा आला की आधी काय देता? पाणीच ना? हिलाही आधी पाणी द्या. भिजलेली असली की तेलाला बाहेरच अडवते. कोरडी असली की तेलच आत शिरून बसतं." झालं. ना राग, ना आवाज. पुढच्या नवमीला जाळीला कुंकू नाही लावलं. ताईंनी शेठजींच्या हातात तांब्या दिला आणि पाणी घालायला लावलं. तीच तिची पूजा.

गेल्या महिन्यात ताई गेल्या. जाळ्या ताईच बनवायच्या, आणि शेवटची जाळी झिजत आली होती. शेठजी म्हणाले, "अब कौन बनाएगा? बंद करना पडेगा." चुकीचं बोलले नाहीत. पण मला रडू आलं. ताईंसाठी की नाल्यासाठी, ते सांगता येत नाही.

ताईंची विद्यार्थिनी स्नेहल पुढे आली. बदलापूरची पोर आहे. तिच्या हातून जाळ्या बिघडल्या. एक बिघडली, दुसरी बिघडली, पोरीने हात टेकले नाहीत. काल म्हणाली, "दादा, ही लावून बघा ना."

आज सकाळी लावली. शेठजींनी कोणी न सांगता तांब्याभर पाणी घातलं. मग ते पांढरं तेल-पाणी सोडलं. आधी खालून गढूळच आलं. मी शिवी हासडली, खोटं कशाला बोलू? मग जरा पातळ झालं. मग नितळ आलं. अगदी नितळ!

सगळे ओरडले. मीही ओरडलो, "ताई, बघा!" आणि दाराकडे वळलो.

दारात कोणी नव्हतं.

ताई, आमचा नमस्कार घ्या.

मंडळी, आता आपण शांत उभे राहू या.