मुरमांचा जावई

मंगरूळपीरला एसटीच्या रांगेत मुलीचे वडील जानराव आणि मुलाचे मामा उकंडराव माझ्या पुढे सोयरिकीचं बोलत उभे होते. जानरावांनी विचारलं,

"भाचा नागपूरले करते काय?"

"उंदराच्या चामडीतल्या तेलाच्या गाठी काढते. त्यातल्या पेशी सुट्या करून काचेत ठेवते. कोणाले हार्मोन देते, कोणाले औषध, अन् तेल कोणाचं वाढलं ते पाह्यते."

"कायले?"

"मुरमांवर औषध निघावं म्हणून."

"मंग फोटोत त्याच्याच तोंडावर एवढे मुरूम काहून?"

"आधी उंदराचा नंबर, भाऊ."

"बरं झालं! आमच्या पोरीलेबी मुरूम आहेत. मी पावडर थापून दाखवणार होतो."

"थापू नका. तो खूश होईन."

"मंग रविवारी या. पण त्याले सांगा, पोरगी पाह्यची, चामडी नाही."

"सांगतो. पण भिंग त्याच्या खिशातच असते."

"लगन लागल्यावर काढजो म्हणा."